अपुरी दुरुस्ती पदरात घेताना: थॅडियस स्टीव्हन्स आणि १३ जून १८६६

मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती प्रतिनिधीगृहातून अखेरची मंजुरी घेऊन बाहेर पडली ती १३ जून १८६६ रोजी. त्या दिवशी तिच्यातल्या उणिवा सगळ्यांत रोखठोक शब्दांत सांगितल्या त्या तिच्याच बाजूने मत देणाऱ्या थॅडियस स्टीव्हन्सने. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचा हा ७४ वर्षांचा वकील तेव्हा सभागृहातल्या रिपब्लिकनांचा म्होरक्या होता. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आपण एकच स्वप्न जपलं, असं तो म्हणाला. कधीतरी या देशाची जुनी घडी विस्कटेल आणि शहाणी, न्यायी माणसं ती नव्याने अशी बसवतील की गुण आणि वर्तन सोडून माणसामाणसांत दुसरा भेद उरणार नाही. ते स्वप्न विरून गेलं. आता जुन्या इमारतीच्या सर्वांत पडक्या भागांची डागडुजी करण्यावरच समाधान मानावं लागणार, बाकीची इमारत वादळवाऱ्याला उघडीच राहणार.

मग असली अपुरी गोष्ट स्वीकारता कशाला? हा प्रश्न त्यानेच विचारला आणि त्यानेच उत्तर दिलं: कारण मी माणसांमध्ये राहतो, देवदूतांमध्ये नाही. ही माणसं माझ्याइतकीच हुशार, माझ्याइतकीच ठाम आहेत, आणि माझं मत त्यांना पटत नसेल तर ती मला वश होणार नाहीत.

स्टीव्हन्सला त्याच्या काळात मित्रही हट्टी म्हणत आणि शत्रूही. असा माणूस या एका दिवशी का वाकला आणि वाकून त्याने नेमकं काय मिळवलं, हे या प्रकरणात तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. त्या दिवशी त्याने घेतलेला निर्णय बरोबर होता. त्याची चूक दुसरीकडे झाली, आणि ती एका मुरलेल्या वकिलाकडून व्हावी याची मला आजही हळहळ वाटते.

वकील

जन्म ४ एप्रिल १७९२, व्हरमाँट राज्यातलं डॅनव्हिल. पाऊल जन्मतःच वाकडं. बाप संसार टाकून निघून गेला आणि आईने, सॅराने, काबाडकष्ट करून चार मुलगे वाढवले. १८१४ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवी, मग पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या शाळेत मास्तरकी आणि रात्री कायद्याचा अभ्यास. १८१६ मध्ये त्याने गेटिसबर्गला वकिलीची पाटी लावली. सत्तेचाळीस वर्षांनी यादवी युद्धातली सर्वांत भीषण लढाई झाली ते हेच गाव. तेव्हा ते एक लहानसं, जिल्ह्याचं ठिकाण होतं. मेरीलँडची हद्द तिथून जवळच, आणि मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती.

त्या हद्दीमुळेच १८२१ चा एक खटला त्याच्याकडे आला. चॅरिटी बटलर ही मेरीलँडमधली गुलाम स्त्री. मालकांच्या कुटुंबाबरोबर तिला पेनसिल्व्हेनियात आणलं जाई, पुन्हा परत नेलं जाई. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे एखाद्या गुलामाला राज्यात सहा महिने ठेवलं की तो मुक्त होई. वेगवेगळ्या खेपांचे दिवस एकत्र धरले तर माझे सहा महिने भरतात, तेव्हा मी आणि माझ्या मुली मुक्त आहोत, असा चॅरिटीचा दावा होता. स्टीव्हन्स उभा राहिला तो मालकाच्या बाजूने. कायद्याला अभिप्रेत असलेले सहा महिने सलग असले पाहिजेत, तुटक दिवसांची बेरीज चालणार नाही, असा त्याने युक्तिवाद केला. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चॅरिटी आणि तिच्या मुली गुलामच राहिल्या.

स्टीव्हन्सच्या चरित्रात हा खटला सहसा दोन ओळींत उरकला जातो, कारण पुढच्या तेजस्वी आयुष्यावर तो डाग वाटतो. मला तो मधोमध ठेवावासा वाटतो. ज्या कायद्याचा हेतू गुलामांना सोडवण्याचा होता, त्याच कायद्यातल्या एका न लिहिलेल्या शब्दावर माणसाचं स्वातंत्र्य कसं हरतं, हे स्टीव्हन्सने जिंकणाऱ्या बाजूच्या बाकावर बसून पाहिलं. मसुद्यात जे लिहायचं राहून जातं त्याचा फायदा बलवान पक्षाचा वकील उचलतो. तो वकील एकदा तो स्वतःच होता.

दोनच वर्षांनी, १८२३ च्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत, त्याने जाहीर इच्छा व्यक्त केली की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा ज्याने कधी कुणा गुलामाच्या पायात बेडी ठोकली नाही. त्यानंतर त्याने वाट बदलली नाही. हद्द ओलांडून पळून आलेल्यांचे खटले तो लढू लागला. १८३३ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. १८३५ च्या एप्रिलमध्ये, वर्षभरापूर्वीच आलेला मोफत शाळांचा कायदा रद्द करण्याच्या बेतात विधिमंडळ असताना, त्याने एका भाषणाने सभागृहाचा कल फिरवला. करवाढीवर चिडलेल्या त्याच्या मतदारांना तो कायदा नको होता, हे ठाऊक असून. १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, तेव्हा घटना समितीचा सदस्य असूनही त्याने सही करायचं नाकारलं.

१८४२ मध्ये तो लँकेस्टरला गेला. लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला होता आणि लँकेस्टरमध्ये वकिली जोरात चाले. त्याचं घर आणि घरचा कारभार सांभाळणाऱ्या लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवंशीय विधवा बाई. वीस वर्षं त्या तिथे होत्या आणि तो त्यांना सगळ्यांसमोर ‘मिसेस स्मिथ’ म्हणे. त्या काळी गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला मिसेस म्हणत नसत. गावाने व्हायची ती कुजबुज केली, त्याने लक्ष दिलं नाही.

१८५१ मध्ये लँकेस्टर जिल्ह्यातल्याच क्रिस्टियाना गावी, पळून आलेल्या गुलामांना पकडायला आलेला मेरीलँडचा मालक एडवर्ड गॉर्सच मारला गेला. ३८ जणांवर थेट राजद्रोहाचे आरोप ठेवले गेले. पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या पिठाच्या गिरणीवाल्यावर चालला आणि बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. पंचांनी पंधरा मिनिटांच्या आसपास हॅनवेला निर्दोष सोडलं. तोवर स्टीव्हन्स वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, पोचला होता. मध्ये काही वर्षं बाहेर राहून १८५८ मध्ये तो गुलामगिरीला विरोध करणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षातर्फे पुन्हा निवडून आला. युद्धाच्या काळात अर्थसमितीचा अध्यक्ष म्हणून सरकारच्या तिजोरीच्या चाव्या त्याच्या हाती होत्या. १८६३ च्या जूनमध्ये दक्षिणेच्या फौजेने त्याची कॅलिडोनियाची भट्टी जाळली, ती दक्षिणेविरुद्धच्या त्याच्या कडक भूमिकेमुळे.

युद्ध जिंकलं, पण संसद हातची जाणार होती

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, लिंकनचा खून झाला आणि टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. डिसेंबरमध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. सुमारे ४० लाख माणसं कायद्याने मुक्त झाली. पण नागरिक म्हणून त्यांचं स्थान कुठेच लिहिलेलं नव्हतं. जॉन्सनने उन्हाळाभर माफीनामे वाटले, लष्कराने मुक्त कुटुंबांना कसायला दिलेल्या जमिनी जुन्या मालकांना परत करवल्या, आणि दक्षिणेतल्या राज्यांना नवी सरकारं बनवू दिली. त्या सरकारांनी पहिलं काम केलं ते कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे करण्याचं. मिसिसिपीत मजुरीचा वार्षिक करार खिशात नसलेला माणूस भटक्या ठरवला जाई. त्याला दंड होई, आणि तो भरता आला नाही तर दंड भरणाऱ्याकडे त्याला कामाला जुंपलं जाई.

आता याच्या पोटातलं गणित पाहू, कारण सगळा पेच त्यात आहे. १७८७ च्या घटनेप्रमाणे प्रतिनिधीगृहातल्या जागा वाटताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरली जाई. गुलामगिरी संपल्यावर ती माणसं पूर्ण मोजली जाणार. म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर दक्षिणेच्या गोऱ्यांना उलट जास्त जागा. १८ डिसेंबर १८६५ च्या भाषणात स्टीव्हन्सने हिशोब मांडला: गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या ७० जागांच्या ८३ होतील. मतदान नाकारलेल्यांना मोजणीतून वगळलं तर त्याच ४६ वर येतील. उत्तरेतल्या डेमोक्रॅटांना घेऊन ८३ जण उभे राहिले, की संसद आणि राष्ट्राध्यक्षपद दोन्ही त्यांचं. ज्यांनी बंड केलं तेच हरल्यामुळे बलवान होणार होते.

म्हणून पहिली हालचाल झाली ती दाराशीच. ४ डिसेंबर १८६५ रोजी नव्या प्रतिनिधीगृहाची पहिली बैठक भरली. अध्यक्ष निवडला जाईपर्यंत हजेरीपट सभागृहाच्या कारकुनाच्या हाती असतो. हा कारकून, म्हणजे मोठा अधिकारीच, एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा आणि स्टीव्हन्सचा माणूस. त्याने नावं पुकारायला सुरुवात केली आणि बंडखोर राज्यांची नावं गाळून पुढे गेला. टेनेसीचा होरेस मेनार्ड उठून उभा राहिला. हा माणूस युद्धभर संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला, निवडणुकीचं प्रमाणपत्र त्याच्याजवळ होतं. हजेरी चालू असताना मध्ये बोलता येणार नाही, असं मॅकफर्सनने त्याला सांगितलं. न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट जेम्स ब्रुक्स कडाडला: टेनेसी जर संघराज्यात नसेल तर टेनेसीचा राष्ट्राध्यक्ष कुठल्या हक्काने बसलाय? प्रश्न बिनतोड होता. मॅकफर्सन पुढची नावं वाचत राहिला.

ही सगळी आखणी नियमाच्या चौकटीतली होती. आपल्या सदस्यांची पात्रता ठरवण्याचा अधिकार घटनेने प्रत्येक सभागृहालाच दिलेला आहे. मेनार्डसारख्या भल्या माणसावर त्यात अन्याय झाला, हेही खरं. पण त्या दिवशी ती नावं वाचली गेली असती तर रिपब्लिकनांचं दोन तृतीयांश बहुमत गेलं असतं, आणि त्या बहुमताशिवाय घटनादुरुस्तीही नाही आणि जॉन्सनच्या नकाराधिकारावर मातही नाही.

सहा महिन्यांची ओढाताण

मग पंधरा जणांची संयुक्त समिती नेमली गेली, सिनेटचे सहा आणि प्रतिनिधीगृहाचे नऊ. अध्यक्ष मेनचा सिनेटर विल्यम पिट फेसेंडेन, प्रतिनिधीगृहाच्या बाजूचा मुखिया स्टीव्हन्स. समितीची पहिली दुरुस्ती नेमकी त्या गणितावर बेतलेली होती: वर्णावरून मत नाकारलं, तर त्या वर्णाची सगळी माणसं मोजणीतून बाद. ३१ जानेवारीला प्रतिनिधीगृहाने ती १२० विरुद्ध ४६ मतांनी मंजूर केली. ९ मार्चला सिनेटमध्ये २५ विरुद्ध २२ वर ती पडली, कारण दोन तृतीयांश मतं हवी होती. पाडणाऱ्यांत चार्ल्स समनर होता, गुलामगिरीचा कट्टर शत्रू. मत नाकारण्याचा राज्यांचा हक्क यात गृहीत धरलाय, असा त्याचा आक्षेप. तत्त्व म्हणून तो चूक नव्हता. स्टीव्हन्सला मात्र त्या दिवसाचा राग कायम राहिला, आणि शब्दांचा कीस पाडणाऱ्या पोरकट पंडिती टीकेने ती दुरुस्ती मारली, असं त्याने पुढे भर सभागृहात सुनावलं.

दरम्यान जॉन्सनने २२ फेब्रुवारीच्या भाषणात स्टीव्हन्स आणि समनरची नावं घेऊन त्यांना देशाचे शत्रू ठरवलं. मार्चअखेर त्याने नागरी हक्कांचा कायदा नाकारला. एप्रिलमध्ये काँग्रेसने तो नकार डावलून कायदा केला. पण साधा कायदा पुढचं बहुमत रद्द करू शकतं. घटनेत लिहिलेलं तसं पुसता येत नाही.

याच वेळी रॉबर्ट डेल ओवेन हा समाजसुधारक स्टीव्हन्सकडे एक मसुदा घेऊन आला. नागरी हक्क तर होतेच, शिवाय ४ जुलै १८७६ पासून वर्णावरून मताधिकारात कुठलाही भेद चालणार नाही, असं कलम त्यात होतं. स्टीव्हन्सला तो पसंत पडला आणि समितीनेही तो जवळजवळ स्वीकारला. तेवढ्यात अध्यक्ष फेसेंडेन सौम्य देवीने आजारी पडला. त्याच्या अनुपस्थितीत अहवाल देणं बरं दिसणार नाही म्हणून समितीने काही दिवस थांबायचं ठरवलं. त्या दिवसांत बातमी फुटली आणि न्यूयॉर्क, इलिनॉय, इंडियाना इथल्या रिपब्लिकन सदस्यांच्या पोटात गोळा आला. पाठोपाठच्या बैठकीत समितीने मताधिकाराचं कलम काढून टाकलं. ओवेनने पुढे हा प्रसंग लिहून ठेवला. स्टीव्हन्सने त्या देवीच्या नावाने कसा शिव्याशाप दिला, तेही त्यात आहे.

मला मात्र देवीला सगळा दोष देणं पटत नाही. १८६५ च्या शरदात कनेक्टिकट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या उत्तरेतल्या तीन राज्यांत कृष्णवर्णीयांना मत द्यावं का, यावर जनतेचं मतदान झालं होतं, आणि तिन्ही राज्यांनी नकार दिला होता. दक्षिणेवर जे लादायचं ते घरी मान्य नाही, ही त्या सदस्यांची अडचण होती आणि ती फेसेंडेन बरा असता तरी राहिली असती.

८ मे रोजी उरलेला मसुदा मांडताना स्टीव्हन्सने पहिल्या कलमाचा अर्थ शाळेतल्या मुलालाही कळेल असा सांगितला. ज्या गुन्ह्यासाठी गोऱ्याला शिक्षा, त्याच गुन्ह्यासाठी काळ्याला तेवढीच शिक्षा. जो कायदा गोऱ्याचं रक्षण करतो तो काळ्याचंही तितकंच करेल. आणि म्हणाला, पूर्ण नाही म्हणून मोठी चांगली गोष्ट मी फेकून देणार नाही. मिळेल तेवढं घेईन, बाकीचं चांगल्या काळातली चांगली माणसं पुरं करतील. त्या कलमाचा मसुदा त्याचा नव्हे, ओहायोच्या जॉन बिंगहॅमचा, तोही वकीलच.

१० मे रोजी १२८ विरुद्ध ३७ मतांनी मसुदा मंजूर झाला. तिसऱ्या कलमात बंडात सामील झालेल्यांना १८७० पर्यंत संघराज्याच्या निवडणुकांत मताधिकार नव्हता. हे कलम काढलं तर बाकीची दुरुस्ती पास होवो न होवो, मला चुटकीएवढीही फिकीर नाही, असं स्टीव्हन्स त्या चर्चेत म्हणाला होता.

सिनेटने ते काढलं. त्याच्या जागी शपथ मोडून बंडात गेलेल्यांना फक्त पदबंदी घातली. सिनेटर जेकब हॉवर्डने नागरिकत्वाचं वाक्य जोडलं: अमेरिकेत जन्मलेला, तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला प्रत्येक जण नागरिक. ८ जून रोजी ३३ विरुद्ध ११ मतांनी ही नवी आवृत्ती मंजूर होऊन परत आली.

१३ जून

स्टीव्हन्सच्या हातात काय होतं? सिनेटची आवृत्ती फेटाळून स्वतःच्या तिसऱ्या कलमावर अडून बसता आलं असतं. मग पुन्हा चर्चा, पुन्हा दोन तृतीयांशाची जुळवाजुळव, आणि अधिवेशन उन्हाळ्यात संपणारच होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीला पक्ष रिकाम्या हाताने गेला असता. जॉन्सनची मागणी साधी होती: राज्यांना आहे तसं परत घ्या. तिच्यासमोर ठेवायला काहीच उरलं नसतं. ओवेनचा मसुदा पुन्हा काढला असता तर मार्चमधल्या दुरुस्तीसारखाच तोही स्वतःच्याच लोकांच्या हातून पडला असता.

इथे मला चॅरिटी बटलरच्या खटल्यातला वकील परत दिसतो, या वेळी उलट्या बाजूला. न्यायालयात पक्षकाराच्या मनात काय होतं याला किंमत नसते, लिहिलेल्या शब्दाला असते. ४० लाख माणसांच्या नागरिकत्वाबद्दल घटनेत एकही शब्द नव्हता. १३ जूनला तो काँग्रेसची मंजुरी घेऊन राज्यांपुढे जाणार होता: नागरिकत्व, कायद्याची रीतसर प्रक्रिया, कायद्याचं समान संरक्षण. तिसऱ्या कलमाशिवाय बाकीच्या दुरुस्तीची चुटकीभरही फिकीर नसल्याची भाषा त्याने महिनाभरात गिळली, आणि मत दिलं.

निकाल त्याच्या अंदाजापेक्षा वेगाने आला. टेनेसीने जुलैमध्ये दुरुस्ती मान्य केली आणि त्या राज्याला संघराज्यात परत घेतलं गेलं. बाकी दहा बंडखोर राज्यांनी ती नाकारली. नोव्हेंबरमध्ये उत्तरेच्या मतदारांनी रिपब्लिकनांना प्रचंड बहुमत दिलं. दक्षिणेच्या नकारामुळेच जूनमध्ये अशक्य असलेलं मार्च १८६७ मध्ये शक्य झालं: जॉन्सनचा नकार डावलून आलेल्या पुनर्रचना कायद्याने दहा राज्यं पाच लष्करी विभागांत घातली आणि नव्या घटना बनवताना कृष्णवर्णीय पुरुषांना मतदान सक्तीने दिलं. सौम्य प्रस्ताव आधी मांडला आणि समोरच्याने तो झिडकारला, म्हणून कडक प्रस्तावाला मतं मिळाली. जूनमध्ये अडून बसला असता तर हे घडलं नसतं, असं मी खात्रीने म्हणतो.

फेब्रुवारी १८६८ मध्ये त्याने जॉन्सनवर महाभियोग आणला. तेव्हा त्याला चालवत नव्हतं, खुर्चीवर बसवून सभागृहात उचलून आणत. मे महिन्यात सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली; दोन तृतीयांशांना एक मत कमी पडून जॉन्सन सुटला. २८ जुलैला चौदावी दुरुस्ती अधिकृतपणे घटनेचा भाग झाली आणि ११ ऑगस्टच्या मध्यरात्री स्टीव्हन्स गेला. लँकेस्टरमध्ये त्याने स्वतःसाठी निवडलेलं दफनस्थान असं होतं जिथे वर्णाची अट नव्हती, आणि तेच कारण थडग्यावर कोरायला त्याने सांगून ठेवलं होतं.

जमीन

या प्रकरणातली एक गोष्ट मसुद्याबाहेरची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत जड. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या भाषणात स्टीव्हन्सने मांडलं होतं की बंडखोर राज्यांतल्या सुमारे ७० हजार मोठ्या जमीनदारांची, म्हणजे ज्यांची जमीन २०० एकरांहून जास्त आहे त्यांची, ३९ कोटी ४० लाख एकर जमीन जप्त करा. मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. त्याला लागणार फक्त ४ कोटी एकर. बाकीची विकून युद्धाचं कर्ज फेडा आणि जखमी सैनिकांना पेन्शन द्या. मार्च १८६७ मध्ये त्याने तसं विधेयकही मांडलं. त्याच्या स्वतःच्या पक्षात त्याला फारसं कुणी विचारलं नाही. खाजगी मालमत्तेला हात लावायची कल्पनाच उत्तरेच्या कारखानदारांना आणि बँकवाल्यांना अंगावर काटा आणणारी होती.

कूळ म्हणून जुन्या मालकाचंच शेत अर्धेलीने कसायचं, बी-बियाणं आणि मीठ-पीठ त्याच्याच दुकानातून उधार घ्यायचं, आणि सुगीला हिशोब होताना देणं शिल्लकच राहायचं, अशा व्यवस्थेत ती माणसं पुढची कित्येक दशकं अडकली. कोकणातल्या खोतीचा किंवा आपल्याकडच्या सावकारी पाशाचा इतिहास वाचलेल्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. ज्याची चूल दुसऱ्याच्या उधारीवर पेटते त्याला मतदानाच्या दिवशी घरी बसवणं अवघड नसतं. स्टीव्हन्सने हे त्याच शब्दांत नसलं तरी स्पष्ट ओळखलं होतं. त्याला मतं मिळाली नाहीत.

काय टिकलं, काय निकामी झालं

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ती अर्पण केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलखान्यांच्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाचा एक मोठा भाग जवळपास कोरडा पाडला. १८८३ मध्ये खाजगी हॉटेल-नाटकगृहांतला भेदभाव दुरुस्तीच्या कक्षेबाहेर गेला आणि १८९६ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे घटनेत बसतात असा निकाल आला. तरी शब्द जागेवर राहिले. १९५४ मध्ये शाळांतलं वेगळेपण घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने हात घातला तो त्याच शब्दांना.

आपल्या घटनेचा अनुच्छेद १४ शेजारी ठेवून वाचा: राज्य कोणत्याही व्यक्तीस कायद्यापुढे समानता अथवा कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. यातला ‘समान संरक्षण’ हा अर्धा भाग सरळ चौदाव्या दुरुस्तीतून आलेला आहे. दोन्हीकडे हक्क नागरिकाला नव्हे, व्यक्तीला दिलेला आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्या देशात तोच शब्द घटनेत होता आणि दक्षिणेत रेल्वेचे डबेही वेगळेच होते. भारताच्या मसुद्यात समान संरक्षणाशेजारी अस्पृश्यतेवर थेट बंदी घालणारा अनुच्छेद १७ स्वतंत्रपणे लिहिला गेला, याला मी फार महत्त्व देतो. खाजगी माणसांनी केलेला भेदही तिथे गुन्हा ठरतो, आणि अमेरिकेचं १८८३ मध्ये अडलं होतं ते नेमकं तिथेच.

आता राहिलं ते दुसरं कलम, ज्याचं गणित स्टीव्हन्सचं होतं. प्रौढ पुरुषांना मत नाकारलं तर त्या प्रमाणात राज्याच्या जागा कमी होतील, असं ते सांगतं. ‘पुरुष’ हा शब्द मताधिकाराच्या संदर्भात घटनेत पहिल्यांदा याच कलमातून आला, आणि गुलामगिरीविरोधात वर्षानुवर्षं झटलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांना तो जिव्हारी लागला. त्यांचा राग रास्त होता. पण ज्यासाठी ही किंमत मोजली ते तरी साधलं का? १८९० मध्ये मिसिसिपीने मतदानासाठी कर आणि घटनेचं आकलन यांच्या अटी घातल्या, ज्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. साउथ कॅरोलिना, लुइझियाना आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. लाखो कृष्णवर्णीय मतदार याद्यांतून गेले. दंडाचं कलम समोर होतं. काँग्रेसने एकाही राज्याची एकही जागा कमी केली नाही.

दोष मसुद्यात आहे. मत नाकारलेल्यांची मोजणी कोण करणार, कधी करणार, कुठल्या नोंदीवरून करणार, हे कलमात नाही. अंमलबजावणी सोडली ती काँग्रेसवर, म्हणजे त्या वाढीव जागांवर बसलेले सदस्य जिथे मत देणार त्याच सभागृहावर. जनगणनेच्या कार्यालयाला ठरावीक मुदतीत आकडा काढून जागा आपोआप कमी करायला लावणारं एक वाक्य तिथे हवं होतं. १८२१ मध्ये सहा महिने सलग की तुटक, हे न लिहिल्याचा फायदा ज्याने अशिलाला मिळवून दिला, त्या माणसाच्या समितीने हे वाक्य लिहिलं नाही.